जिवंत आत्याचं पान

माझ्या कादंबरीत आत्या चौथ्या प्रकरणात मरते. मी तिला तापाने मारलं होतं, आणि मारताना मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं. दोन पानं भरून तिचं शेवटचं बोलणं, उशाशी समई, बाहेर ओहोटीला लागलेली खाडी. रोह्याच्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवलं की आपल्यालाही लिहिता येतं असा माणसाचा समज होतो. माझाही झाला होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमचं घर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्याचं. लग्न झाल्यावर दोन वर्षांत ती तापाने गेली, असं घरात सांगत. तिचा फोटो नव्हता, लुगडं नव्हतं, तिची म्हणून एखादी गोष्टही कोणी सांगत नसे. घरात ती वर्षातून एकदाच यायची, पितृपक्षातल्या नवमीला. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. आमच्या घरी ज्याचं पान त्याच्या आवडीचं वाढायची रीत आहे. आजोबांच्या पानावर अळूवड्या, आत्याच्या पानावर गवारीची भाजी. तिला गवार फार आवडायची, असं आजीने आईला नवी नवरी असताना सांगून ठेवलं होतं. आईने ते जन्मभर पाळलं. कधी न पाहिलेल्या नणंदेसाठी ती नवमीच्या सकाळी गवारीच्या शिरा काढत बसायची, आणि भाजी कोवळी मिळाली नाही तर दिवसभर चुटपुटायची.

या आत्यावरून मी कादंबरी लिहायला घेतली. एक जुनं घर, त्याच्या तीन पिढ्या, त्यातली आजारपणं. पण जुन्या काळी आजाऱ्याचं काय काय करत, हे मला कुठे ठाऊक होतं? म्हणून मी शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना विचारलं. त्यांची सगळी नोकरी कुष्ठरोगाच्या गोळ्या घेऊन रोह्याच्या आसपासची गावं पायी तुडवण्यात गेली होती. त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस? माझी एक जुनी पेशंट आहे, पेणकडची. तिला सगळं आठवतं आणि गोष्ट ऐकायला फार आवडते. तुझं प्रकरण घेऊनच जा." त्यांनी मला स्वतः नेऊन सोडलं. त्या बाईंचे उपकार कसे फेडायचे हे मला अजून कळलेलं नाही. दरवर्षी त्यांना आंब्याची पेटी देते आणि ओशाळते.

नदीकडच्या आळीत एका घराच्या मागच्या अंगाला ती खोली होती. खाटेवर एक किरकोळ म्हातारी बसलेली. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, दोन तर निम्मीच. पायाला स्वच्छ पट्टी. अंगावर इस्त्रीचं वाटावं इतकं नीट नेसलेलं पातळ. मी प्रकरण वाचून दाखवलं, अगदी आवाज चढवून-उतरवून. ती डोळे मिटून ऐकत होती.

वाचून झाल्यावर म्हणाली, "बरी मारलीस गो तिला. पण एवढा ताप चढला की माणूस एवढं बोलत नाय. पाणी मागतो नि गप पडतो."

मला राग आला. राग मला पटकन येतो, आणि लिखाणाबद्दल बोललं की त्याहून पटकन.

"कुठची गो तू?" तिने विचारलं.

"जोह्याची."

"कोणाच्या घरची?"

मी आजोबांचं नाव सांगितलं. तिने खिडकी लावायला सांगितली, ऊन डोळ्यावर येतं म्हणून. ऊन केव्हाच कौलांवर गेलं होतं. "पुढच्या रविवारी ये," म्हणाली, "पुढचं आण."

मी गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. तिसऱ्या खेपेला माझं वाचन तिने अर्ध्यात थांबवलं.

"तुझ्या बापाच्या डाव्या भुवईत खोक हाय ना? साच्याचा कोपरा लागलेला त्याला. मीच ढकललेला."

ती खोक मी जन्मल्यापासून पाहत आले होते. तरी मी मठ्ठासारखं विचारलं, "तुम्ही कोण?"

"चौथ्या प्रकरणात मेली ना, ती."

मला रडू यायला हवं होतं. मी मांडीवरच्या कागदांकडे बघत बसले. आधी मनात काय आलं तर आता हे प्रकरण फुकट गेलं. याची मला पुढे फार लाज वाटली, पण खरं तेच आहे.

मग तिने हळूहळू सांगितलं, अनेक रविवारी, तुकड्या-तुकड्याने. ती आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. मूर्तीचं बाकी काम कोणीही करेल, डोळे मात्र एकाच हाताचे लागतात, आणि त्या काळी आमच्या घरी तो हात तिचा होता. लग्न होऊन गेली तरी सीझनला तिला माहेरी बोलावून घ्यायचे. अशाच एका सीझनला ती रंगात घालायचा सरस चुलीवर कढवत होती. भांडं उतरवताना पदर घ्यायचं राहून गेलं. भांडं खाली ठेवून तिने आखणीचा ब्रश उचलला, तेव्हा आजी किंचाळली. बोटांची कातडी भांड्यालाच राहिली होती आणि आत्याला पत्ताच नव्हता. आजीच्या माहेरी एकाला तसंच झालं होतं. तिने हात धरून पाहिला, कोपराजवळचा फिकट चट्टा पाहिला, आणि ती मटकन खाली बसली.

"ओरडायला हवं होतं गो मी," आत्या म्हणाली. "उगाच खोटं का होईना. भाजलं भाजलं म्हणून बोंब मारली असती तर अजून एखादं वर्ष घरात ऱ्हायले असते."

सासरच्यांनी लगेच हात झटकले. घरात लग्नाच्या आणखी दोन बहिणी होत्या, आणि ज्या घरात रक्तपिती त्या घरचा गणपती कोण नेणार? आजोबांनी ठरवून टाकलं. अठरा वर्षांच्या बाबांनी तिला पहाटे पेणपर्यंत चालत नेलं, तिथून एसटीने खोपोलीवरून घाटावरच्या दवाखान्यात पोचवलं. बाबा परत आले तेव्हा आजोबांनी गावात सांगून टाकलं होतं की मुलगी सासरी तापाने गेली, तिथेच सगळं उरकलं. दहाव्या दिवशी बाबांना खाडीवर नेऊन डोकं भादरून पिंड ठेवायला लावला. हे तिला गावाकडच्या दुसऱ्या एका रोग्याकडून कळलं, वर्षभराने.

मी हे ऐकून आजोबांना जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. ती मात्र म्हणाली, "त्याला दोन पोरी उजवायच्या होत्या. उजवल्या ना? मग." आणि चहा ठेवायला सांगितला.

बरी व्हायला तिला फार वर्षं लागली. बरी झाली तेव्हा तिने तिथल्या कारकुनाकडून घरी एक कार्ड लिहून घेतलं. मी बरी झाले, न्यायला या. कोणी आलं नाही. तेव्हा ती एकटीच घाट उतरली, पण जोह्याला जायचा धीर झाला नाही म्हणून गाडीतून पेण मागे जाऊ दिलं आणि रोह्याला उतरली.

इथे तिला एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, म्हातारीने ठेवून घेतलं. म्हातारीची मुलं इस्रायलला गेलेली, ती अजून मागे राहिलेली. शनिवार त्यांच्या धर्मात पाळायचा, म्हणून ती विस्तवाला हात लावत नसे. त्या दिवशी चूल पेटवायला कोणीतरी हवं होतं. आत्याने हात पुढे करून दाखवले आणि म्हणाली, "हे असे हात हायत." म्हातारी म्हणाली, "काडी ओढता येते ना?" वीस वर्षं त्या बाईने आत्याच्या हातचं खाल्लं. शेवटी मुलांनी तिला बोलावून घेतलं तेव्हा घर विकताना तिने घेणाऱ्याला एकच अट घातली, मागची खोली हिची, ही आहे तोवर. घेणारी माणसंही शब्दाला जागली. जायच्या दिवशी म्हातारी याच खाटेवर बसून रडली, असं आत्या सांगायची. "तिला तरी जायचं होतं कुठं? पण तिला न्यायला माणसं आली." कोण कुठली ती बाई, मी तिला पाहिलंही नाही. पण माझ्या माणसाला तिने माणसासारखं ठेवलं, यासाठी मी रोज तिची आठवण काढते.

एका रविवारी मी तिला नवमीच्या पानाचं सांगितलं. कसं सांगावं याचा आठवडाभर विचार केला होता. ती इतकी हसली की ठसका लागला.

"व्हय? नि काय काय वाढतात मला?"

"वडे, खीर, भोपळा, आमसुलाची चटणी. आणि गवार."

"गवार?" तिचं हसणं थांबलं. "गवार कशाला? मला नाय आवडत ती. ती माझ्या आईला आवडायची. सांग त्यांना, मेल्या माणसाला तरी असं छळू नका म्हणून." आणि परत हसायला लागली.

मीही हसले. मग एकदम म्हणाले, "आत्या, मी बाबांना सांगते. घेऊन येते त्यांना."

तिने माझं मनगट धरलं. त्या हातात काय जोर होता. "नाय. आत्ता तो येत नाय, कारण त्याला ठाऊक नाय. माझं कार्ड पोचलं नसेल. पण तू सांगितलंस नि तरी नाय आला तर?" ती थांबली. "तेवढं मला नको गो. बाकी सगळं सोसलंय."

डॉक्टरांनी तोवर तिचं हृदय फार थकल्याचं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पावसाळा काढला तरी पुष्कळ, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मी गप्प बसले तर ती घरच्यांवाचून जाणार होती, आणि बोलले अन् बाबा आले नाहीत तर त्याहून जास्त दुखावून जाणार होती. मी तिला शब्द दिला. बाबांबद्दल मला खात्री नव्हती, हे त्यामागचं खरं कारण. बाबा म्हणजे गणपतीच्या पाटाला कोणाचा धक्का लागला तरी तीन दिवस न बोलणारा माणूस.

त्या वर्षीची नवमी रविवारी आली. मी जोह्याला गेले. गणपती होऊन गेलेले, कारखाना झाडून-पुसून रिकामा, साचे भिंतीला टेकवून ठेवलेले. आई स्वयंपाकघरात पान वाढत होती, बाबा सोवळं नेसून पाटावर. मी वाट्या आणून देत होते. आईने गवारीचं पातेलं ओढलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "आई, गवार नको वाढू. तिला आवडत नाही."

माणूस जसं जेवायला बसलेल्याबद्दल बोलतो तसंच मी बोलले. दर रविवारी तिच्याबरोबर बसून मला तिच्या आवडीनिवडीची सवय झाली होती. चूक म्हणायची तर ही माझी, आणि त्या चुकीसाठी मी आजवर देवाचे आभार मानत आले आहे.

"तुला काय ठाऊक गो?" आई म्हणाली. "तू तर जन्मली पण नव्हतीस."

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघत राहिले. मला खोटं सुचलं असतं तर मी बोलले असते, पण सुचलं नाही.

"अजून हाय?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"आहे. रोह्याला. बरी झाली, केव्हाच."

"बरी झाली ते ठाऊक हाय मला," बाबा म्हणाले. आणि पाटावर बसल्या बसल्या, पानाकडे बघत, त्यांनी सांगितलं. कार्ड पोचलं होतं. आजोबांनी ते वाचून चुलीत घातलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. मी तेव्हा पाळण्यात होते. नंतर आजोबा गेले, आजी गेली, अडवणारं कोणी उरलं नाही. पण इतकी वर्षं झाल्यावर कोणत्या तोंडाने जायचं, आणि आता ती असेल कुठे, असं करत करत राहिलं. वर्षाला एक पान मात्र चुकू दिलं नाही.

आईच्या हातात पळी तशीच होती. तिला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ती मनोभावे एका जिवंत बाईला घास ठेवत आली होती.

"जित्या माणसाचं पान वाढायला लावलंत तुम्ही मला," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पान उचललं, मागच्या दारी गाईपुढे ठेवून आली, हात धुतले, आणि चुलीवर नवं आधण चढवलं. "सोवळं सोडा नि कपडे घाला. श्राद्धाचं जेवण मी तिला नेणार नाय. ताजं करते. तिला काय आवडतं गो?"

"जवळ्याची चटणी," मी म्हणाले. "आणि तांदळाची भाकरी."

"आज नवमी हाय, मासळी नाय चालत," बाबा कसेबसे म्हणाले.

"कोणाची?" आईने विचारलं. बाबा उठून सोवळं सोडायला गेले.

शिकलेली मी, कादंबरी लिहिणारी मी, सहा महिने शब्द पाळत बसले होते. चौथी शिकलेल्या माझ्या आईने ते काम एका आधणात उरकलं. तिच्या पोटी जन्मले याचं मला त्या दिवशी जेवढं भाग्य वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं.

पेणहून दुपारची गाडी मिळाली. बाबा खिडकीशी बसले होते आणि सारखे भुवईवरून हात फिरवत होते. नागोठणं गेल्यावर म्हणाले, "ती मला हाकलून देईल." आई मांडीवरचा डबा सांभाळत म्हणाली, "दिलं तर जेवायला घालून येऊ." मी दिलेला शब्द मोडला होता आणि ते आत्याला अजून ठाऊक नव्हतं.

दार उघडंच होतं. आत्या खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिने आधी मला पाहिलं, मग आईला, मग उंबऱ्यापाशी थांबलेल्या बाबांना. सुपातला हात थांबला. आई पुढे झाली आणि खाली वाकून तिच्या पायावर, त्या पट्टीवरच, डोकं ठेवलं. "वन्स, मी तुमची भावजय," म्हणाली. आत्याने वळलेल्या बोटांनी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढायचंच विसरून गेली.

बाबा आत आले. इतका उंच माणूस, पण त्या खोलीत कुठे उभं राहावं हे त्यांना कळत नव्हतं.

"बाय," ते लहानपणीच्या हाकेने म्हणाले.

आत्या त्यांच्याकडे बघत म्हणाली, "म्हातारा झालास की रे." मग मायेने, जणू तेच त्यांना सोपं जावं म्हणून, पुढे म्हणाली, "माझं कार्ड पोचलं नसेल तुला."

मी मनात म्हटलं, बाबा, हो म्हणा. नाही पोचलं म्हणा. तिने दार उघडून दिलंय, नुसतं आत यायचंय.

"पोचलं होतं," बाबा म्हणाले. "मी बघितलं होतं. तरी नाय आलो."

पुढच्या घरात कोणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. आत्याने सूप खाली ठेवलं. ती खाली बघून पदरावर पडलेले तांदूळ वेचायला लागली. मला वाटलं संपलं, आणि हे सगळं माझ्यामुळे.

"चल घरी," बाबा म्हणाले. "गावाला मी सांगतो काय सांगायचं ते. सगळं सांगतो. चल."

आत्याने मान वर केली.

"माझं दहावं केलंस ना तू खाडीवर?"

"केलं."

"रडलास का?"

बाबांचा चेहरा वेडावाकडा झाला. "लय रडलो, बाय. बाकी सगळे मेलीस म्हणून रडत होते. तिथं रडणाऱ्यांत तू जिती हायस हे मला एकट्यालाच ठाऊक होतं."

मग तिने डोळे पुसले, दोन्ही मनगटांनी, कारण बोटांनी तिला ते जमत नसे.

"मग येते," ती म्हणाली, आणि आईकडे वळून तिने परतीची गाडी कितीची आहे ते विचारलं.